लाख, टाका आणि दोरा

धानाची मळणी उरकते, गावोगावच्या मंडईची धामधूम सरते आणि गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यात लग्नाचे मुहूर्त सुरू होतात. मग लोखंडी पेटीतले, कपाटाच्या चोरकप्प्यातले, बँकेच्या लॉकरमधले डबे उघडले जातात. आजेसासूची बोरमाळ निघते, सासूची एकदाणी निघते, कुणाच्या घरी पोत आणि डोरलं, कुणाकडे गोफ, गोट, पाटल्या, तर कुणाकडे पायातले चांदीचे जडशीळ तोडे. नव्या सुनेला त्यातलं काहीतरी घालायचं असतं. पण बोरमाळेचे चार मणी चेपलेले असतात, एकदाणीचा दोरा हात लावताच तुटतो, गोफाची कडी झिजून दोऱ्याएवढी उरलेली असते आणि पाटल्या सुनेच्या हातात चढत नाहीत. डबा सराफाच्या दुकानात जातो. तिथे पहिला प्रश्न ठरलेला : मोडायचं की दुरुस्त करायचं?

बरीच घरं ‘मोडा’ म्हणतात. मोडीत हिशेब सोपा दिसतो. जुनं द्यायचं, वर थोडी भर घालायची आणि नव्या घडणीचा दागिना घ्यायचा. दुरुस्तीत कटकट फार, कारागीर मिळत नाही, मजुरी किती पडेल कळत नाही. शिवाय दागिना जुना झाला म्हणजे तो ‘गेला’, अशी एक समजूत असते. ती मात्र खोटी आहे. सोन्याला गंज चढत नाही. ऐंशी वर्षांपूर्वीच्या मण्याचा पत्रा आजही सोन्याचाच असतो. कमकुवत होतात त्या त्याच्या आसपासच्या तीन गोष्टी : पोकळ भागात भरलेली लाख, दोन तुकडे जोडणारा टाका आणि मणी ओवलेला दोरा. झीज आणि चेप हेही होतात, पण दागिना घालण्याजोगा न राहण्याचं मूळ शोधत गेलं, तर बहुतेक वेळा बोट या तिघांपैकी एकावर येऊन थांबतं. तिन्ही गोष्टी बदलता येतात, आणि त्यासाठी दागिना आटवावा लागत नाही.

मण्याच्या पोटात

बोरमाळेचा एक मणी भिंगाखाली धरला तर दोन वाट्या एकमेकींवर ठेवून केलेली जोडाची बारीक रेघ दिसते. दोन टोकांना भोकं, भोकांच्या कडेला दोऱ्याने घासून झालेली चकाकी. भोकातून आत डोकावलं तर सोनं दिसत नाही. तांबूस-काळसर, काचेसारखं ठिसूळ काहीतरी दिसतं. ती लाख.

पातळ पत्र्याच्या पोकळ मण्याला आतून आधार हवा असतो. तो नसेल तर बोटाच्या दाबानेही मणी चेपतो. लाख वितळवून भरता येते, थंड झाली की कडक होते, वजनाला हलकी असते आणि सोन्यावर तिचा काही परिणाम होत नाही. बोरमाळ, मोहनमाळ, पोकळ गोट, पाटल्या, कितीतरी दागिन्यांत ती असते. काही दशकांनी ती वाळते, तडकते, तिचा भुगा होतो. घामाचं पाणी, साबण, तेल भोकातून आत जातं. मणी कानाशी हलवला तर खुळखुळ ऐकू येते. आधार गेला की चेप पडायला वेळ लागत नाही.

या भागातल्या माणसाला लाख परकी नाही. पळसाच्या, बोराच्या आणि कुसुमाच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे वसतात, झाडाचा रस पितात आणि अंगाभोवती राळेसारखं कवच तयार करतात. तेच खरवडून लाख होते. पळसावरची ती रंगिनी आणि कुसुमावरची ती कुसमी. गोंदिया हे एकेकाळी लाखेच्या व्यापाराचं आणि चपडा तयार करणाऱ्या कारखान्यांचं नावाजलेलं ठिकाण होतं. आसपासच्या जंगलातून लोक डिंक आणि लाख विकायला तिथे आणत. लाखेवर संशोधन करणारी संस्था रांचीजवळ नामकुमला १९२४ साली सुरू झाली, ती आजही काम करते आहे.

लाख मऊ व्हायला उकळतं पाणीसुद्धा लागत नाही. साधारण ६५ ते ७० अंश सेल्सियसलाच ती ढिली पडू लागते. सोनं मात्र १०६४ अंशांना वितळतं, आणि सोन्याचा टाका मारायला कित्येकशे अंशांची आच द्यावी लागते. लाख न काढता अशा मण्यावर आच धरली तर लाख आत उकळते, जळते, धूर आणि वायू कोंडतो, आणि पातळ मणी फुगतो किंवा फुटतो. म्हणून जाणता सोनार आधी मंद ऊब देऊन लाख वाहू देतो. उरलेली स्पिरिटमध्ये भिजवून काढतो, कारण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. मणी रिकामा झाला की भोकातून बारीक सळी घालून चेप आतून बाहेर काढायचा, फाटलेला जोड झाळायचा आणि मग नव्या लाखेची बत्ती तापवून आत भरायची. काम सावकाशीचं आहे. मजुरी माळेच्या वजनावर नव्हे, मण्यांच्या संख्येवर ठरते ती यामुळेच.

मोडीचा सोपा वाटणारा हिशेब गडबडतो तोही इथेच. सहा मिलिमीटर व्यासाचा एक मणी घेऊ. पत्रा मिलिमीटरचा दहावा भाग, सोनं २२ कॅरेट. भूमिती मांडली तर पत्र्यात साधारण ०.१९ ग्रॅम सोनं बसतं, आणि पोट पूर्ण भरलं तर आत ०.१२ ग्रॅम लाख मावते. असे शंभर मणी म्हणजे तराजूवर ३१ ग्रॅम, त्यात सोनं १९ ग्रॅम. घरात वर्षानुवर्षं ‘पावणेतीन तोळ्यांची माळ’ म्हणून ओळखली जाणारी वस्तू मोडीत गेली की पावणेदोन तोळ्यांच्याही खाली उतरते. यात सराफाने फसवलं असं होत नाही. घरच्यांनी इतकी वर्षं लाखेसकट वजन सांगितलेलं असतं. वर नव्या दागिन्याची घडणावळ पुन्हा द्यायची. तेवढ्या पैशांत जुन्या माळेची लाख आणि दोरा बदलून ती गळ्यात घालता येईल का, हे आधी विचारून पाहण्याजोगं असतं.

टाका

जुन्या सोनाराची बैठक आता तालुक्याच्या गावातही क्वचितच दिसते : समोर ऐरण, मूस, शेगडी, हातात फुंकणी, बाजूला सवागीची पूड. सवागी म्हणजेच टाकणखार. ती धातूवर वितळून पसरते, हवेला जोडापासून दूर ठेवते आणि टाक्याचा धातू भेगेत खेचला जातो. टाक्याचं सोनं दागिन्याच्या सोन्यापेक्षा कमी तापमानाला वितळायला हवं, नाहीतर जोडता जोडता दागिनाच वितळेल. म्हणून त्यात चांदी-तांब्याचं प्रमाण जास्त ठेवतात. साहजिकच टाक्याच्या जागी कस किंचित कमी भरतो. जुन्या साखळीत शे-दोनशे टाके असतील तर साखळी आटवल्यावर निघणारी शुद्धता एका कडीच्या शुद्धतेपेक्षा कमी निघते.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत कॅडमियम मिसळलेला टाका रुळला. ‘केडीएम’ ही पाटी दुकानोदुकानी लागली ती तेव्हा. कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं, म्हणजे टाका मारताना ते वाफ होऊन उडून जातं आणि शुद्धता फारशी घटत नाही. पण ती वाफ कारागिराच्या फुप्फुसात जाते आणि विषारी असते. आता त्याची जागा जस्त आणि इतर धातूंच्या टाक्यांनी घेतली आहे. आईच्या लग्नातला ‘केडीएम’चा दागिना अंगावर घालायला धोका नसतो. तो दुरुस्तीला देताना मात्र तसं सांगायला हवं, कारण जुना टाका पुन्हा तापला तर धूर सोनाराच्याच नाकात जाणार असतो.

मोठ्या शहरांत आता लेझरचं यंत्र आलं आहे. त्याची आच एका टिंबापुरती असते, त्यामुळे खड्याच्या किंवा मोत्याच्या शेजारचा जोडही खडा न काढता साधता येतो. साध्या कडीसाठी त्याची गरज नाही. ते काम तिरोड्याचा सोनारही नेटकं करतो. पण जडावाची, मोत्यांची, लाखेने भरलेली गुंतागुंतीची वस्तू असेल तर नागपूरच्या इतवारी सराफ्यापर्यंत जाऊन चौकशी करणं शहाणपणाचं.

दोरा

तिघांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित म्हणजे दोरा. पोत, एकदाणी, बोरमाळ, ठुशी हे सगळे ओवायचे दागिने. ओवण्या-गाठवण्याचं काम सोनाराचं नसून पटव्याचं. रेशमाला पीळ देणं, मणी एका ओढीत बसवणं, मागच्या बाजूला गोंडा आणि सरकती गाठ देणं, ही वेगळी कारागिरी. पूर्वी पटवा बाजाराच्या दिवशी बसे, बाया समोर बसून पोत गाठवून घेत आणि मणी मोजून घेत. आता पटवे विरळ झाले, नायलॉनचा दोरा आला. नायलॉन टिकतो खरा, पण सोन्याच्या पातळ भोकाची कड त्याच्यावर घासते आणि ताणही वेगळा पडतो. जुन्या पातळ मण्यांना रेशीम किंवा सूतच मानवतं. रोज वापरातली पोत वर्षा-दोन वर्षांनी गाठवून घ्यावी, एवढी साधी गोष्ट आहे. दोरा तुटून विहिरीवर, बसमध्ये, लग्नाच्या मांडवात हरवलेल्या मण्यांची किंमत कितीतरी पटींनी अधिक असते.

नवा दोरा घालण्याआधी एक फोटो काढून ठेवावा. जुन्या माळेतले मणी सारखे वाटले तरी बहुधा मधले मोठे आणि कडेचे लहान असतात. कुठे नंतर भर घातलेले असतात, त्यांचा रंग वेगळा असतो. तो क्रम एकदा विस्कटला की परत लागत नाही.

रुपयाची चांदी

या भागातल्या पोवार, कुणबी, तेली, गोंड, हलबा घरांमधून सोन्याइतकीच, किंबहुना अधिक, चांदी निघते. वाळे, तोडे, कडे, सरी, करदोटा, आणि रुपयांच्या माळा. १८३५ पासून कंपनी सरकारचा आणि पुढे ब्रिटिश राजवटीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा असे, आणि त्यातले बारापैकी अकरा भाग चांदी. शेतकऱ्याच्या हातात पीक विकून आलेला रुपया म्हणजे वजन आणि कस दोन्ही सरकारने ठरवून दिलेली चांदीच होती. तो सोनाराला दिला की तोडे होत, किंवा वर कडी झाळून तसाच गळ्यात बसे.

आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध केला. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा त्या प्रांतातल्या भंडाऱ्याचा भाग होता. धातू बहुधा गिऱ्हाइकानेच द्यायचा आणि सोनाराने वजनावर मजुरी घ्यायची, अशी रीत त्यात नोंदली आहे : चांदीला तोळ्यामागे एक-दोन आणे, सोन्याला चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत. मजुरी इतकी कमी, कारण दागिना ही आधी बचत होती. अडीनडीला तो गहाण पडे किंवा आटे, आणि चांगलं पीक आलं की पुन्हा घडे. पिढ्यान्‌पिढ्या न आटता टिकलेला तोडा हा म्हणून अपवादच म्हणायचा.

रुपयाच्या माळेचा एक फायदा असा की ती आपलं वय थोडंफार सांगते. माळेतल्या सर्वांत अलीकडच्या नाण्यावरचं साल पाहावं; माळ त्याच्या आधीची असू शकत नाही. व्हिक्टोरियाच्या १८६२ सालच्या रुपयाने मात्र फसू नये, तेच साल पुढची काही वर्षं टाकसाळीत तसंच छापलं जात होतं. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली आणि १९४७ मध्ये तो निकेलचा झाला. त्यामुळे एकाच माळेत नऊआणी-सोळाआणी अशी दोन्ही कसांची नाणी असू शकतात. दिसायला सारखी, कसात जवळपास निम्म्याचा फरक.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकयुक्त वायूमुळे. वर चांदीच्या सल्फाइडचा पातळ थर बसतो. रबरबँडमध्येही गंधक असतो, म्हणून रबर लावून ठेवलेल्या पैंजणावर नेमकी तेवढ्याच रुंदीची काळी पट्टी उठते. घरी करण्यासारखा एक उपाय आहे : ॲल्युमिनियमच्या फॉइलवर चांदी ठेवायची, खाण्याचा सोडा टाकून गरम पाणी ओतायचं. सल्फाइडमधला गंधक ॲल्युमिनियमकडे जातो आणि चांदी चांदीच राहते. घासून मात्र ती झिजते. पण हा उपाय फक्त भरीव, बिनखड्यांच्या दागिन्याला. पोकळ कड्यात लाख असेल तर गरम पाण्यानेच ती ढिली होईल. नक्षीच्या खाचांतला काळेपणा तर काढूच नये. उठावाच्या कामाला खोली येते ती त्या काळ्या रेघांनी, आणि बऱ्याच वेळा कारागिराने तो मुद्दाम दिलेला असतो.

जुनं म्हणून जे जपलं जातं ते सगळंच चांदीचं असतं असंही नाही. गिलटाचे दागिनेही डब्यात तितक्याच मानाने बसलेले असतात. तांबं, जस्त आणि निकेलच्या पांढऱ्या मिश्रधातूत चांदीचा कणही नसतो. निकेलने काहींच्या कातडीला खाज सुटते, एवढं लक्षात ठेवलं की तेही हौसेने घालता येतात.

अंगावर बसायला हवं

डागडुजी झाली तरी दागिना अंगावर बसला पाहिजे. पाटल्यांचंच घ्या. बांगडीचं ‘दोन-चार’ माप म्हणजे आतला व्यास दोन इंच आणि चार सोळांश, तर ‘दोन-सहा’ म्हणजे दोन इंच आणि सहा सोळांश. फरक दिसतो इंचाच्या आठव्या भागाचा, पण घेरात तो जवळजवळ एक सेंटिमीटर भरतो. एवढं भरीव सोनं ठोकून वाढत नाही. बांगडी कापावी लागते आणि त्याच कसाचा, त्याच नक्षीचा तुकडा बसवावा लागतो. दुसरा मार्ग पेच बसवण्याचा. एका ठिकाणी बिजागरी आणि समोर मळसूत्राची किल्ली लावली की तोडा उघडून मनगटावर ठेवता येतो. मग तो मुठीवरून जाण्याइतका मोठा असण्याची गरज उरत नाही. पूर्वीच्या कड्यांना अशी सोय नसे. ती लहानपणी चढवत किंवा सोनाराकडे जाऊन ठोकून बसवत, आणि मग आयुष्यभर ती निघत नसत.

नथीचं सोपं आहे. नाक टोचलेलं नसलं तरी तिची तार न मोडता मागे चाप बसवला की ती चापाची नथ होते. पण मोत्यांना हात लावताना जपावं लागतं. मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, चिंच, व्हिनेगर त्याला खातात, अत्तर आणि घाम त्याचं तेज घालवतात. सोन्याचं कडं चिंचेच्या पाण्यात उजळतं म्हणून मोत्याची नथही त्यात बुडवली, तर तासाभरात मोत्याचा पृष्ठभाग खरखरीत होऊ शकतो. ओलसर मऊ कापडाने पुसणं एवढंच त्याला पुरे. आजीच्या नथीतले मोती ‘बसऱ्याचे’ आहेत असं बऱ्याच घरांत सांगतात. पर्शियाच्या आखातातल्या त्या नैसर्गिक मोत्यांची किंमत आज मोठी आहे. ते नैसर्गिक की संवर्धित, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. क्ष-किरण तपासणी करणारी प्रयोगशाळाच ते खात्रीने सांगते.

कानातल्या जुन्या कुड्यांची दांडी जाड असते आणि आजच्या कानाचं भोक बारीक. दांडी बदलून बारीक फिरकी लावता येते. जुनी दांडी सोनाराकडे न विसरता परत मागून घ्यावी, कारण तीही सोन्याचीच असते.

झळाळी किती हवी

दुरुस्तीनंतर घरच्यांची अपेक्षा असते ती ‘नव्यासारखं’ दिसण्याची. इथे हात आखडता घेणारा कारागीर चांगला. पॉलिशचं चाक प्रत्येक वेळी थोडा धातू खातं. शंभर वर्षांच्या ठशावरची बारीक कोयरी, कडेचे रवे दोन-चार पॉलिशमध्ये सपाट होतात. मळ, तेल आणि धूळ काढायला रिठ्याचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश बहुतेक सोन्याला पुरतो. दगड जडवलेले असतील तर तेही बुडवून धुऊ नये. जडावाच्या खड्याखाली चकाकणारा पातळ वर्ख ठेवलेला असतो. पाणी आत शिरलं की तो काळा पडतो आणि खडा कायमचा निस्तेज होतो. पन्न्याला तेल मुरवलेलं असू शकतं, त्यामुळे अल्ट्रासॉनिक यंत्र त्याला वर्ज्य.

जुन्या सोन्याची लालसर झाक ही बहुधा त्यातल्या तांब्याची आणि वर चोळलेल्या गेरूची असते. सगळं एकसारखं पिवळंधमक करून घेण्यासाठी वर सोन्याचं पाणी चढवलं की ती झाक जाते. काही वर्षांत मुलामा झिजतो आणि दागिना ठिपक्याठिपक्यांचा दिसू लागतो.

दारावर येणाऱ्या पॉलिशवाल्यांची गोष्ट निराळीच. ‘ताई, दागिने चमकवून देतो’ म्हणणाऱ्याच्या वाडग्यात बहुधा अम्लराज असतं : हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लाचं तीनास एक मिश्रण, सोनं विरघळवणारं. दागिना खरंच चमकतो आणि वजन दोन-चार ग्रॅमने घटतं. विरघळलेलं सोनं वाडग्यासह निघून जातं. पोलीस वारंवार सावध करत असतात, तरी दुपारी पुरुष शेतावर असताना हे लोक गावांत फिरतातच.

कस आणि कागद

जुन्या दागिन्यावर शिक्का नसतो, म्हणून तो हलका समजायचं कारण नाही. पण आंधळा विश्वासही नको. १९६२ च्या चीन युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं आणि नवे दागिने १४ कॅरेटपेक्षा शुद्ध करायला बंदी झाली. हजारो सोनारांचा धंदा बसला. शुद्धतेची अट १९६६ मध्ये उठली, पुढे १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत टिकला. साहजिकच १९६३ ते ६६ या काळात लग्न झालेल्या आजीच्या डब्यात १४ कॅरेटचा, म्हणजे ५८.५ टक्के सोन्याचा दागिना निघू शकतो, आणि त्याच डब्यात तिच्या सासूचा २२ कॅरेटचाही. दोन्ही एकाच टाक्याने झाळून चालत नाहीत. त्यासाठी आधी कस कळायला हवा.

तपासणीचे प्रकार तीन. कसोटीच्या काळ्या दगडावर रेघ ओढून आम्लाने पाहणं हा जुना आणि अनुभवी डोळ्यांवर चालणारा. दुसरा क्ष-किरणांच्या यंत्राचा, मिनिटाभरात आकडा देणारा. पण ते यंत्र पृष्ठभागाचा अगदी पातळ थर वाचतं, वर मुलामा असेल तर त्याचाच कस सांगतं. तिसरा म्हणजे नमुना कापून, वितळवून केलेली अग्निपरीक्षा. ती सर्वांत अचूक, पण दागिन्याचा तुकडा घेणारी.

भारतीय मानक ब्युरोने सोन्याचं हॉलमार्किंग २००० साली सुरू केलं. १६ जून २०२१ पासून ते देशातल्या २५६ जिल्ह्यांत बंधनकारक झालं, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक नसलेला नवा दागिना विकता येत नाही. घरातल्या जुन्या दागिन्यांना ही सक्ती नाही. ते ठेवता येतात, घालता येतात, सराफाला विकताही येतात. ज्यांना शंका आहे त्यांना ब्युरोने मान्यता दिलेल्या केंद्रात थेट जाऊन तपासणी करून घेता येते : चार नगांपर्यंत २०० रुपये, पाच किंवा अधिक असल्यास नगामागे ४५ रुपये, कर वेगळा. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या वस्तू आणि कुंदन, पोलकी, जडावाचे दागिने हॉलमार्कच्या सक्तीतून वगळले आहेत.

दुरुस्तीला देताना पावतीवर काही गोष्टी लिहून घेतल्या की पुढचे वाद टळतात : लाख-दोऱ्यासह एकूण वजन, मण्यांची किंवा नाण्यांची संख्या, खडे-मोती किती आणि कसे, कोणत्या कसाचा टाका वापरणार, काढलेले तुकडे परत मिळणार का, आणि मजुरी वजनावर की नगावर. परत घेताना त्याच तराजूवर वजन करावं. नवी लाख भरल्यावर माळ जड भरते. ती वाढ सोन्याची नसते, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावं. पुढच्या पिढीला मोडीच्या वेळी तो कागद लागेल.

उरला प्रश्न वेळेचा. लग्नसराईत सोनाराला श्वास घ्यायला फुरसत नसते. मुहूर्ताच्या आठवड्यात दिलेल्या माळेची लाख बदलली जात नाही, वरवर चेप काढून ती परत येते. आषाढात मुहूर्त थांबतात, पण तेव्हा घरोघरी रोवणीची घाई आणि हातात पैशाची चणचण. तालुक्यातल्या शेतकरी घरांना सोयीचा काळ त्यानंतरचा, पोळ्यापासून दसऱ्यापर्यंतचा. धान पोटरीवर आलेलं असतं, कापणीला अवकाश असतो आणि सराफ्यातही दिवाळीची गर्दी सुरू झालेली नसते. शंभर मणी एकेक करून उघडायला, भरायला आणि गाठवायला लागणारे दिवस कारागिराकडे तेव्हाच असतात.